नागपूरकर जोडप्यासाठी अलिबाग: तिथी पाहून तिकीट काढा

नागपुरात वाढलेल्या माणसाला पाणी म्हटले की अंबाझरी, फुटाळा किंवा गोरेवाडा आठवतो. हे पाणी काल जिथे होते तिथेच आज असते आणि उद्याही तिथेच राहणार असते. समुद्राचे तसे नाही, आणि ही एकच गोष्ट नीट समजली नसल्यामुळे आमची अलिबागची पहिली सहल अर्धी वाया गेली. जोडून सुट्ट्या आल्या म्हणून आम्ही तिकिटे काढली, रविवारी सकाळी दहा वाजता न्याहारी आटोपून किनाऱ्यावर पोहोचलो, तर समोरच्या समुद्रातला कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात होता आणि ओहोटीला उघडी पडणारी किल्ल्याकडची वाट कुठे दिसतच नव्हती. तिथल्या एका घोडागाडीवाल्या काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, आज पुनव आहे. आता संध्याकाळपर्यंत वाट नाही." आमची परतीची लाँच दुपारी दोनला होती. ज्या किल्ल्यासाठी साडेआठशे किलोमीटर आलो, तो किल्ला आम्ही वाळूवर उभे राहून लांबूनच पाहिला.

त्यानंतर आम्ही दोघे आणखी दोनदा जाऊन आलो आणि आता ओळखीतले कोणी नवे जोडपे अलिबागचा विचार करू लागले की मी त्यांना हॉटेलाचे नाव सांगण्याआधी पंचांग उघडायला सांगते. हा लेख त्यांच्यासारख्यांसाठी आहे: ज्यांनी कोकण पाहिलेले नाही, ज्यांच्याकडे शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढाच वेळ आहे आणि ज्यांना केवळ वाळूवर बसून न येता जुने गाव, किल्ला आणि समुद्र असे सगळे पाहायचे आहे.

तारीख ठरवण्यापूर्वी

समुद्राला साधारणपणे दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरती आणि ओहोटी यांच्यात सुमारे सहा तासांचे अंतर असते, आणि चंद्र रोज उशिरा उगवतो त्याप्रमाणे भरतीची वेळही रोज पाऊण तासाने किंवा त्याहून थोडी अधिक पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांनी यावरून एक सोपा हिशेब बसवला आहे, जो मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. त्या दिवशीच्या तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमारास पूर्ण भरती, आणि म्हणून सकाळी नऊ आणि रात्री नऊ या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहा वाजता आणि ओहोटी बारा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी किनारा पाण्याने भरलेला. आमचे पहिल्या वेळी नेमके हेच झाले होते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच.

याला दुसरी एक बाजू आहे. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरतीचे पाणी खूप वर चढते आणि ओहोटीचे पाणी तितकेच खूप मागे हटते. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. त्यामुळे अष्टमीला ओहोटी दुपारी बारा वाजता, म्हणजे कागदावर अगदी सोयीची दिसली, तरी किल्ल्याची वाट पूर्ण उघडी पडेलच असे नाही. पायी चालत किल्ल्यात जायचे असेल तर ओहोटी सकाळी हवी आणि ती चांगली खोलही हवी, आणि या दोन्ही अटी तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तीन तिथींना उत्तम जुळतात.

आता हे आठवड्याच्या वारांत बसवावे. ज्या आठवड्यात मंगळवारी, बुधवारी किंवा गुरुवारी पौर्णिमा अथवा अमावास्या येते, त्यानंतर लगेच येणारा रविवार अनुक्रमे पंचमी, चतुर्थी किंवा तृतीयेचा असतो. एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर एका दिवसाचा फरक पडेल, तेवढाच. भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या तीन-चार महिन्यांतले असे रविवार पेन्सिलीने गोल करून ठेवावेत. पाऊणपटीचा हिशेब तारीख निवडण्यासाठी पुरेसा आहे, पण प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या माणसालाही विचारावे. त्याचे म्हणणे अखेरचे मानावे.

ऋतूचे म्हणायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. जून ते ऑगस्ट या काळात गेटवेवरून सुटणाऱ्या लाँच बंद असतात, समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याकडे जाण्याचा विचारही करू नये. मे महिन्यात जाणाऱ्यांना एक सूचना आहे. नागपूरच्या ४५ अंशांत राहणाऱ्याला अलिबागचे ३३-३४ अंश किरकोळ वाटतात, पण तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि ज्या माणसाला कूलरच्या कोरड्या वाऱ्याची सवय आहे तो दुपारी अक्षरशः गळून जातो.

तिकिटे आणि प्रवास

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे रविवार नक्की झाला की त्यातून मागे दिवस मोजून आरक्षण कधी उघडेल ते लिहून ठेवावे. नागपूर ते मुंबई हा प्रवास एका रात्रीचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास निघणारी विदर्भ एक्सप्रेस सकाळी सातच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते. ज्यांना कार्यालयातून लवकर निघता येत नाही त्यांच्यासाठी रात्री पावणेनऊच्या सुमाराची दुरांतो आहे, जी तासाभराने उशिरा पोहोचते पण वाटेत फारशी थांबत नाही. नेमक्या वेळा बदलत राहतात, म्हणून त्या तिकीट काढताना पाहाव्यात. समृद्धी महामार्ग आता नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झालेला आहे आणि त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे, त्यामुळे काही जण गाडी घेऊन जाण्याचा बेत करतात. दोन दिवसांच्या सहलीसाठी मी तो सल्ला देणार नाही. एकाच माणसाने दोन्ही वेळा एवढे अंतर गाडी चालवली तर अलिबागेत तो फक्त झोपतो, आणि दोघांच्या सहलीत एकाने झोपून काढणे हे दुसऱ्यावर अन्याय करणारे आहे.

परतीच्या तिकिटाबाबत एक चूक वारंवार होते. मुंबईहून नागपूरला येणारी दुरांतो मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे रविवारी रात्रीच्या प्रवासासाठी तिकिटावर सोमवारची तारीख हवी. रविवारची तारीख टाकली तर ती गाडी शनिवारच्या रात्रीच निघून गेलेली असते. संध्याकाळी सातच्या सुमारास सुटणारी विदर्भ एक्सप्रेस घेतली तर हा घोळ होत नाही आणि सोमवारी सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत नागपूर येते. मी हीच गाडी सुचवीन.

टर्मिनसवर उतरल्यावर प्रतीक्षालयात तोंड धुऊन, चहा घेऊन टॅक्सीने गेटवे ऑफ इंडियाला जावे. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटामरान सकाळपासून सुटत राहतात आणि तासाभरात पलीकडे नेतात. मांडवा ते अलिबाग हे सुमारे वीस किलोमीटरचे अंतर बसने जावे लागते आणि काही कंपन्यांच्या तिकिटातच या बसचे भाडे धरलेले असते, म्हणून तिकीट काढतानाच विचारावे आणि ते तिकीट अलिबागेत उतरेपर्यंत जपून ठेवावे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोटही आहे, ती २०२० साली सुरू झाली आणि तीत मोटारीसुद्धा नेता येतात. बोट मोठी असल्याने ती कमी डुलते, त्यामुळे ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी हिचाच विचार करावा. एरवी लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसून सीगल पाहण्याचा मोह होतो आणि तो जरूर पुरवावा, परंतु मळमळू लागल्यास खाली यावे, बोटीच्या मध्यभागी बसावे आणि मोबाइलकडे न पाहता दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. रिकाम्या पोटी बोटीत चढू नये आणि गच्च पोटानेही चढू नये.

राहण्याची जागा

अलिबागेत मुक्कामाच्या जागा पुष्कळ आहेत: गावातली हॉटेले, वरसोली आणि नागावकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतले होम-स्टे, घरगुती खानावळ असलेल्या खोल्या. पहिल्यांदा आम्ही जाहिरातीत "समुद्रालगत" हा शब्द वाचून खोली घेतली आणि तिथे पोहोचल्यावर कळले की समुद्र दोन किलोमीटरवर होता. तेव्हापासून आम्ही आरक्षणाआधी फोन करून तीनच प्रश्न विचारतो: अलिबागच्या किनाऱ्यावर पायी पोहोचायला किती मिनिटे लागतात, जेवण घरी मिळते का आणि रविवारी खोली सोडल्यावर सामान दुपारपर्यंत ठेवता येते का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण किल्ल्यावरून ओले कपडे आणि वाळूने भरलेले पाय घेऊन परत आल्यावर हातपाय धुवायला जागा हवीच. या सहलीसाठी गावातच, किल्ल्यासमोरच्या किनाऱ्याच्या जवळ राहावे. वाडीतला मुक्काम सुंदर असतो, पण तो तीन दिवसांच्या सहलीसाठी राखून ठेवावा. दोघांचीही मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत, एकाचे चालत नाही.

शनिवार

मांडव्याहून अलिबागेत पोहोचेपर्यंत दुपार होते. जेवून तासभर पाठ टेकावी आणि तीनच्या सुमारास रिक्षा ठरवून रेवदंड्याच्या रस्त्याला लागावे. जाऊन येऊन थांबण्यासह किती पैसे, हे निघण्यापूर्वी स्पष्ट बोलून घ्यावे.

या रस्त्यावर पहिले गाव आक्षी. इथे शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे, जो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. शिलाहार राजा केसीदेवरायाचा उल्लेख त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती असा केलेला आहे. दगड लहान आहे आणि अक्षरे झिजलेली आहेत, पाच मिनिटांत पाहून होतो, परंतु ज्या भाषेत आपण दोघे घरी बोलतो तिची हजार वर्षांपूर्वीची अक्षरे अशी बोटाच्या अंतरावर असताना मराठी माणसाने तिथे न थांबता पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पुढे चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. चौल हे फार प्राचीन बंदर. वास्को द गामा येण्याच्या कित्येक वर्षे आधी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथे उतरला होता आणि रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. चौलचे रामेश्वर मंदिर आणि त्यासमोरची पुष्करणी पाहावी, मग रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात जावे. हा कोट म्हणजे एखाद्या टेकडीवरचा किल्ला नव्हे. रस्ताच त्याच्या दरवाजातून आत जातो आणि तटबंदीच्या आत आज नारळ-सुपारीच्या वाड्या आणि घरे आहेत. सातखणी नावाचा उंच मनोरा अर्धवट पडलेला उभा आहे. हा कोट १७४० साली मराठ्यांच्या ताब्यात आला. मनोऱ्याच्या पडक्या भिंतींवर चढू नये.

मुरुड-जंजिऱ्याबद्दल सगळेच विचारतात. अलिबागहून मुरुड सुमारे पन्नास किलोमीटर आहे, पुढे राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जावे लागते आणि होडी भरण्याची वाट पाहण्यात किती वेळ जाईल हे सांगता येत नाही. जंजिऱ्याला पूर्ण दिवस द्यावा लागतो. दोन दिवसांत अलिबाग आणि जंजिरा दोन्ही कोंबणाऱ्यांना दोन्ही धड पाहता येत नाहीत.

संध्याकाळी किनाऱ्यावर परत यावे. शनिवारी द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी असल्याने भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान येऊन गेलेली असते आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी मागे हटत असते. हे दृश्य फार शांत दिसते, पण पोहण्याच्या दृष्टीने हाच काळ अधिक धोक्याचा आहे, कारण ओसरते पाणी पायाखालची वाळू आणि माणूस दोघांनाही आत ओढते. तलावात किंवा तरणतलावात उत्तम पोहता येणाऱ्यानेही गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. आपल्याकडच्या तरुणांना पाण्याची भीती नसते याचे कारण त्यांनी ओढणारे पाणी पाहिलेले नसते, म्हणून हे एवढे सांगते आहे.

रात्रीचे जेवण मात्र मन लावून करावे. सुरमई आणि पापलेट सगळीकडे मिळतात, पण रायगड जिल्ह्याच्या या भागात खाडीतला जिताडा मिळाला तर तो आधी घ्यावा. तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि सोलकढी एवढे पुरे. सावजी रश्श्याची सवय असलेल्या जिभेला हे कालवण पहिल्या घासाला सौम्य वाटते. तरी वरून तिखट मागू नये, दोन-चार घासांनंतर नारळ, कोकम आणि ताजा मासा यांची चव वेगवेगळी कळू लागते. मासे न खाणाऱ्यांना वालाचे बिरडे आणि उकडीचे मोदक मिळतात. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मुक्कामाच्या ठिकाणी पोपटीबद्दल आधीच सांगून ठेवावे. वालाच्या शेंगा, अंडी, हवे असल्यास मसाला लावलेली कोंबडी, हे सगळे भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात, मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही न घालता हे शिजते. मडके उघडले की भांबुर्ड्याचा ओव्यासारखा वास अंगणभर पसरतो आणि गरम शेंगा सोलताना बोटे भाजतात, तरी कोणी थांबत नाही.

रविवार कृष्ण चतुर्थीचा असेल तर ती संकष्टी आहे हे लक्षात घ्यावे. ज्यांचा उपवास असतो त्यांनी माशांचे जेवण शनिवारीच उरकावे.

रविवार: किल्ला

पूर्ण ओहोटीच्या वेळेच्या तास-सव्वातास आधी किनारा सोडावा आणि ओहोटी उलटून तास होण्याच्या आत परत यावे. चतुर्थीचा हिशेब धरला तर पावणेआठ-आठला निघून दहाच्या आत वाळूवर परत. या दोन तासांत किल्ला नीट पाहून होतो.

पायांत जुनी, पट्टा असलेली सँडल हवी. वाट काही ठिकाणी घट्ट ओल्या वाळूची आहे, तीवर पाण्याने उमटवलेल्या बारीक लाटांच्या रेघा पायाला टोचतात. मध्ये घोट्याएवढी डबकी लागतात. आणि किल्ल्याजवळ आल्यावर खडक सुरू होतात, ज्यांना कालवांच्या शिंपा चिकटलेल्या असतात. या शिंपांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. अनवाणी चालणारा हमखास पाय कापून घेतो आणि साधी चप्पल चिखलात रुतून तुटते. साडी किंवा घेरदार पोशाख टाळावा. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. गाडीवाला परत न्यायला किती वाजता येणार हे ठरवून घ्यावे.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्च महिन्यात सुरू करवले आणि त्यांच्या निधनानंतर संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. आत शिरण्यापूर्वी तटाच्या बाहेरच्या भिंतीजवळ थांबून दगड पाहावेत. मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. आदळणाऱ्या लाटेचे पाणी या फटींत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो आणि पाणी पुन्हा बाहेर निघून जाते. भिंत लाटेला अडवत नाही, तिला आत घेऊन दमवते, आणि म्हणून साडेतीनशे वर्षांच्या आसपास खाऱ्या पाण्याचा मारा सोसून ती उभी आहे. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्याची भिंत पाहणाऱ्याला हा फरक चटकन जाणवेल.

आत गणेश पंचायतनाचे मंदिर आहे, ते १७५९ साली रघुजी आंग्रे यांनी बांधले. रघुजी हे नाव ऐकले की नागपूरकराला भोसले आठवतात, पण हे रघुजी वेगळे. दोन्ही घराण्यांची अखेर मात्र सारखी झाली: वारसाच्या प्रश्नावरून कंपनी सरकारने आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा केले आणि तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले तेव्हा नागपूरही त्याच मार्गाने गेले. मंदिराजवळच गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या या खडकावर गोडे पाणी टिकते, आणि त्याच्याशिवाय इथे आरमाराचे ठाणे राहूच शकले नसते. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा आहेत, त्या इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ओतलेल्या असून त्यांवरची इंग्रजी अक्षरे अजून वाचता येतात. शेजारचा लहान कोट तो सर्जेकोट. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या ठाण्यावर हल्ला केला आणि कान्होजी आंग्रे यांनी तो परतवला, हे तटावर उभे राहून दोन्ही बाजूंच्या समुद्राकडे पाहताना वाचावे. घरी वाचण्यापेक्षा ते अधिक कळते.

घड्याळात गजर लावूनच किल्ल्यात शिरावे. दुसऱ्या वेळी आम्ही तिथी बरोबर साधली, पण पुष्करणीच्या पायरीवर बोलत बसलो आणि अर्धा तास उशीर झाला. आमची समजूत अशी होती की पाणी समोरून, खोल समुद्राकडून येईल आणि येताना दिसेल. प्रत्यक्षात ते वाटेच्या दोन्ही अंगांनी आवाज न करता भरत येते; आपण पुढे पाहत चालत असतो आणि मागचे डबके केव्हाच ओढ्याएवढे झालेले असते. एक गाडीवाला दादा परतताना थांबून म्हणाला, "ताई, बसा आता, चालत नका जाऊ, पाणी भरायला लागलं." आम्ही बसलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होते आणि किनारा अजून बराच लांब होता. उशीर झालाच आणि पाणी भरलेले दिसले तर वाट तुडवण्याचे धाडस न करता किल्ल्यातच थांबावे आणि गाडीवाल्यांना किंवा तिथल्या लोकांना विचारावे. एखादी लाँच चुकली तर दुसरी मिळते.

किल्ल्याव्यतिरिक्त गाव

खोलीवर हातपाय धुऊन, न्याहारी करून दोन तास उरतात. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, त्यांची समाधी गावातच आहे. तिथे गर्दी नसते. हिराकोट आणि त्याच्या शेजारचा तलाव रिक्षातून जाता-जाता दिसतो. इस्रायल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे; शेकडो वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर, नवगावजवळ जहाज फुटून आलेल्या बेने इस्रायली लोकांची वस्ती इथे होती, ते तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शब्बाथ या धार्मिक विश्रांतीच्या दिवसामुळे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठीच झाली होती. प्रार्थनास्थळ असल्याने विचारून आत जावे आणि डोके झाकावे.

भूचुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी पाहावी. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून वेध घेतले जात होते, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय मोजमापे बिघडणार हे उघड होते, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागेत आणली आणि तिच्या बांधकामात लोखंड टाळले.

निघताना

विदर्भ एक्सप्रेस धरायची असेल तर मांडव्याहून तीनच्या आत बोट मिळेल अशा बेताने अलिबागेतून दुपारी एकलाच निघावे. रविवारी दुपारी मुंबईला परतणाऱ्यांची झुंबड असते आणि परतीचे बोटीचे तिकीट आधीच काढलेले असावे. बाजारातून पांढऱ्या कांद्याची माळ घ्यावी. हंगाम जानेवारीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आपल्या संत्र्याला जे भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळाले, तेच या कांद्याला २०२१ मध्ये मिळाले. घेताना कांदा लहान, घट्ट आणि चवीला गोडसर आहे ना हे पाहावे, आणि पातीने विणलेलीच माळ घ्यावी, सुटे कांदे घेऊ नयेत. गाडीत ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, घाम सुटून कांदा सडतो. बर्थच्या खुंटीला कापडी पिशवीत अडकवावी आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात वारा लागेल अशा जागी टांगावी. समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या सँडल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात, नाहीतर मीठ उतरून पट्टे आठवड्याभरात तडकतात.